दोन सर्व्हरवर एकच फोल्डर ठेवायचाय, सांगली-पुणे ग्लस्टर रेप्लिका चालेल का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका जुन्या वाचनालयाच्या स्कॅनिंगचं काम बघतोय, पगारी नाही, आवड म्हणून. जुनी मासिकं, दिवाळी अंक, थोडी हस्तलिखितं असं सगळं स्कॅन करून ठेवतोय, एकेक पानाची टिफ फाइल सरासरी ३० एमबी, शिवाय प्रत्येक पानाची एक छोटी जेपेग आणि ओसीआर करून काढलेली टेक्स्ट फाइल. आत्तापर्यंत ६ टीबीच्या आसपास झालंय. सगळं एकाच सर्व्हरवर आहे, डिस्क मिररमध्ये आहेत पण मशीन एकच, बोर्ड गेला की काम बंद. आता देणगीतून दुसरा सर्व्हर आलाय, तसाच, तेवढ्याच डिस्क.

मनात असं आहे की एक सर्व्हर सांगलीत आणि दुसरा पुण्यात आमच्या एका विश्वस्तांच्या ऑफिसात ठेवायचा आणि दोन्हीवर एकच फोल्डर दिसला पाहिजे, इकडे टाकलेली फाइल तिकडे लगेच. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा किती ठिकाणची दप्तरं, पुस्तकं भिजली ते डोळ्यांनी बघितलंय, २०२१ च्या जुलैत परत तेच. त्यामुळे सगळं एकाच गावात ठेवायला मन धजत नाही. वाचता वाचता ग्लस्टरएफएस (अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच फोल्डर दाखवणारी प्रणाली) सापडलं, रेप्लिका २ व्हॉल्यूम (दोन प्रती ठेवणारा सामायिक फोल्डर) केला की दोन्हीकडे आपोआप प्रत राहते असं कळलं. लिनक्स बऱ्यापैकी येतं, ग्लस्टर कधी लावलेलं नाही. हे असं सांगली-पुणे जमेल का? जाणकारांनी सांगा प्लीज.

रात्रपाळी
काम खूप मोलाचं करताय, आधी तेच सांगतो. पण हा आराखडा असा नका राबवू.

तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी हव्यात आणि दोन्हीसाठी एकच औषध शोधताय. एक, मशीन बंद पडलं तरी काम चालू राहावं. दोन, पूर आला, आग लागली तरी स्कॅन वाचावेत. पहिल्यासाठी रेप्लिका व्हॉल्यूम बरोबर आहे पण तो एकाच ठिकाणी, एकाच नेटवर्कवर. दुसऱ्यासाठी पुण्यात प्रत हवी, पण ती मागून जाणारी, लगेचची नाही.

कारण असं की ग्लस्टरमध्ये प्रती करायचं काम सर्व्हर करत नाही, क्लायंट करतो. ज्या मशीनवर तुम्ही व्हॉल्यूम माउंट केलाय, म्हणजे वापरायला जोडलाय, तेच मशीन लिहिताना एकदम सगळ्या ब्रिकला (एकेका सर्व्हरवरच्या डेटाच्या फोल्डरला) डेटा पाठवतं, आणि सगळ्या चालू ब्रिककडून उत्तर आल्याशिवाय लिहिणं पूर्ण झालं असं धरत नाही. त्यातही नुसतं लिहिणं नाही, आधी लॉक घ्यायचा, मग ‘आता लिहितोय’ अशी खूण करायची, मग लिहायचं, मग खूण पुसायची, मग लॉक सोडायचा. लॅनवर हे सगळं मिलिसेकंदाच्या आत उरकतं. सांगली-पुणे ब्रॉडबँडवर प्रत्येक फेरीला वीस-तीस मिलिसेकंद धरा आणि हजार फाइलींचा फोल्डर उघडून बघा, प्रत्येक फाइलची चौकशी दोन्ही ब्रिककडे जाणार. स्कॅनिंग करणारी माणसं वैतागून परत आपल्या डेस्कटॉपवर फाइली ठेवायला लागतील, आणि मग ज्यासाठी हे सगळं केलं तेच गेलं.

शिवाय लाइन तुटली की काय? ते आणखी मोठं दुखणं आहे, त्यावर कोणीतरी सविस्तर लिहा.

ठाणे_पूर्व
एवढं कशाला, रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) आरसिंक (बदललेल्या फाइली कॉपी करणारी कमांड) मारा दुसऱ्या सर्व्हरवर, झालं काम. साधं आणि टिकाऊ.

रात्रपाळी
@ठाणे_पूर्व पुण्याच्या प्रतीसाठी मी आरसिंकच सुचवणार आहे. पण सांगलीतला सर्व्हर दुपारी बारा वाजता गेला तर सकाळपासूनचे स्कॅन गेले, आणि हस्तलिखितं जर कोणाच्या घरून दोन दिवसांसाठी आणलेली असतील तर ती परत मिळतीलच असं नाही. त्यासाठी लगेचची प्रत हवी.

जुनी_टेप
लाइन तुटल्यावर दोन प्रती एकमेकींशी जुळत नाहीत, त्या दुखण्यावर, म्हणजे स्प्लिट-ब्रेनवर, मी लिहिते, कारण हे मी एका नोकरीत अगदी जवळून बघितलंय आणि रेप्लिका २ हे शब्द वाचले की मला स्वस्थ बसवत नाही.

दोन ब्रिक आहेत, अ आणि ब. अ बंद पडला. ग्लस्टर म्हणतं ठीक आहे, ब चालू आहे, लिहा. तुम्ही एक फाइल बदललीत. ब च्या त्या फाइलवर खूण झाली की ‘अ कडे हा बदल पोचलेला नाही’. ही खूण एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूटमध्ये (फाइलला चिकटलेल्या जादा नोंदीत) असते, ट्रस्टेड डॉट एएफआर नावाने. इथवर सगळं छान, अ परत आला की ही खूण बघून सेल्फ-हील डीमन (मागे सतत चालणारा दुरुस्तीचा प्रोग्राम) अ वर बदल नेऊन ठेवतो. पण समजा अ परत यायच्या आत ब गेला. मग अ आला एकटाच. त्याला काही माहीतच नाही. तुम्ही तीच फाइल उघडून परत बदललीत, आता अ च्या फाइलवर खूण झाली की ‘ब कडे हा बदल नाही’. नंतर दोघं एकत्र आले तेव्हा अ म्हणतो ब शिळा, ब म्हणतो अ शिळा. दोघांचंही खरं आहे. ग्लस्टर अशा वेळी अंदाज बांधत नाही, ती फाइल वाचायलाच देत नाही, इनपुट-आउटपुट एरर. आणि ते योग्यच करतं, कारण आपणहून एक प्रत निवडली असती तर दुसरीतलं काम गुपचूप पुसलं गेलं असतं.

आता सांगली आणि पुणे दोन्हीकडे माणसं काम करतायत आणि मधली लाइन तुटली, तर यासाठी कोणाला बंदसुद्धा पडावं लागत नाही. दोन्ही बाजूंना वाटतं समोरचा मेला, दोन्हीकडे लिहिणं चालू राहतं. संध्याकाळी लाइन आली की शेकडो फाइली भांडणात.

सोडवता येतं. हील इन्फो स्प्लिट-ब्रेन अशी कमांड दिली की यादी येते, मग प्रत्येक फाइलसाठी सांगायचं की मोठी फाइल धर, किंवा शेवटी बदललेली धर, किंवा अमुक ब्रिकवरची धर. पण टिफ फाइलच्या बाबतीत मोठी म्हणजे बरोबर असं कुठे असतं? कोणीतरी बसून एकेक उघडून बघायचं. ते बसणं मी केलंय, ते कोणाच्या वाट्याला येऊ नये.

उपाय एकच, तिसरं मत. तीन जणांत दोघांचं जुळलं तरच लिहायचं, याला कोरम म्हणतात. रेप्लिका ३ किंवा रेप्लिका २ अधिक आर्बिटर.

कृष्णाकाठ
ताई, इतकं नीट कोणीच सांगितलं नव्हतं, मी जिथे जिथे वाचलं तिथे दोन सर्व्हरचीच उदाहरणं होती. पण तिसरा सर्व्हर घ्यायला पैसे नाहीत हो. परत ६ टीबीच्या डिस्क घ्यायच्या म्हणजे विश्वस्तांपुढे मी काय सांगू. कोरम लावून दोनच ठेवले तर?

जुनी_टेप
दोनच ठेवून कोरम ऑटो लावला तर नियम असा आहे की निम्मे चालू असतील तर त्यात पहिला ब्रिक असायलाच हवा. म्हणजे दुसरा गेला तर काम चालू, पण पहिला गेला तर लिहिणं बंद. स्प्लिट-ब्रेन टळतो पण अर्ध्या वेळा तुमचा दुसरा सर्व्हर असून नसल्यासारखा.

आर्बिटर घ्या. त्याला मोठ्या डिस्क लागत नाहीत. तो दोघांच्या व्यवहारातला साक्षीदार आहे, पैसे त्याच्याकडे नसतात, व्यवहार झाला हे त्याच्या वहीत असतं. फाइलींची नावं, फोल्डर, परवानग्या आणि त्या खुणा एवढंच तो ठेवतो, फाइल शून्य बाइटची. आधीच्या उदाहरणात अ एकटा परत आला तर आर्बिटर सांगेल की याची प्रत शिळी आहे, लिहू देऊ नका. बस, तेवढ्यासाठीच तो हवा. ग्लस्टरच्या ३.७ आवृत्तीपासून हा प्रकार आहे, २०१५ पासून, म्हणजे नवीन काही नाही.

जागेचा हिशोब फाइलींच्या संख्येवर करायचा, आकारावर नाही. दर फाइलला ४ केबी धरा. तुमचे ६ टीबी भागिले ३० एमबी म्हणजे साधारण २ लाख पानं, प्रत्येक पानाच्या तीन फाइली म्हणजे ६ लाख, गुणिले ४ केबी म्हणजे अडीच जीबीच्या आत. पुढे दहापट वाढलं तरी एक छोटी एसएसडी पुरते. वाचनालयात कोपऱ्यात एखादा जुना डेस्कटॉप असेल ना, त्याला १२० जीबीची एसएसडी आणि नीट चालणारं नेटवर्क कार्ड. मात्र हार्डडिस्क नको, एसएसडीच, कारण प्रत्येक लिहिण्यात त्याचीही खूण होते, तो हळू असला की सगळेच हळू.

करवीर
कोल्हापूरहून. एक भर घालतो. आर्बिटर त्याच यूपीएसवर आणि त्याच स्विचवर ठेवू नका. आमच्याकडे बघितलेलं आहे, तीन मशीनं हौसेने लावली आणि तिन्ही एकाच यूपीएसच्या एकाच बोर्डात. यूपीएस बसला की तिघं एकदम आडवे, मग कोरम कुणाचा मोजणार? दोन सर्व्हर दोन यूपीएसवर, आर्बिटर तिसऱ्या छोट्या यूपीएसवर, जमल्यास वेगळ्या खोलीत. आणि पुराचं म्हणाल तर सर्व्हर तळमजल्यावर नकोच, पहिल्या मजल्यावर चढवा, नाहीतर पुढच्या आठवड्याला नाही तर पुढच्या पावसाळ्याला तो प्रश्न उभा आहेच.

कृष्णाकाठ
जुना डेस्कटॉप आहे, दोन आहेत उलट. आणि सर्व्हरची खोली पहिल्या मजल्यावर न्यायची परवानगी मिळवतो. आता लावायचं कसं ते क्रमाने कोणी सांगाल का? आणि एक राहिलं, स्कॅनरची मशीनं विंडोज आहेत.

रात्रपाळी
क्रमाने लिहितो, कमांड शब्दशः देत नाही, डॉक्युमेंटेशनमध्ये आहेत, पण कुठे माणूस अडकतो ते सांगतो.

पहिलं म्हणजे नावं. तिन्ही मशीनना आणि जिथे जिथे माउंट करणार त्या सगळ्यांच्या होस्ट्स फाइलमध्ये तिन्ही नावं आणि स्थिर आयपी लिहा. व्हॉल्यूम तयार करताना आयपी वापरू नका, नावच वापरा, उद्या राउटर बदलला तर आयपी बदलतील आणि ते व्हॉल्यूमच्या आत कोरलेले असतील तर फार त्रास होतो. घड्याळं क्रोनीने एकसारखी ठेवा, शेवटी बदललेली फाइल कुठली हे ठरवायची वेळ आली तर घड्याळावर विसंबावं लागतं.

दुसरं डिस्क. एक्सएफएस (लिनक्सची एक फाइल सिस्टिम) करा, आयनोड (फाइलची नोंद) साइज ५१२, हल्लीच्या एक्सएफएसमध्ये ते आपोआपच असतं. ती डिस्क समजा डेटा ब्रिक१ अशा फोल्डरवर माउंट केली, तर ब्रिक म्हणून तोच फोल्डर देऊ नका, त्याच्या आत आणखी एक फोल्डर करून तो द्या. हे फार महत्त्वाचं आहे. कधी रीबूटनंतर डिस्क माउंट झालीच नाही तर आतला फोल्डर सापडणार नाही आणि ब्रिक सुरूच होणार नाही. तसं केलं नसेल तर मोकळ्या माउंट पॉइंटवर, म्हणजे तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिस्कवर, ६ टीबी ओतायला सुरुवात होऊ शकते. ग्लस्टर स्वतःही रूट पार्टिशनवर ब्रिक करायला नकार देतं आणि फोर्स लावा म्हणतं, ते फोर्स लावायचं नाही.

तिसरं फायरवॉल. २४००७ हा मुख्य डीमनचा पोर्ट आणि ब्रिकसाठी ४९१५२ पासून ६०९९९ पर्यंत, नव्या आवृत्तीत ब्रिक या टप्प्यातला कुठलाही पोर्ट घेतो. हे फक्त आतल्या नेटवर्कपुरतं उघडा. आणि व्हॉल्यूम झाला की ऑथ-अलाउ नावाचा ऑप्शन लावून फक्त आपल्या मशीनचे आयपी द्या, कारण मुळात तो सगळ्यांना मोकळा असतो, नेटवर्कवरचं कुठलंही मशीन माउंट करू शकतं. वाचनालयात वाचकांसाठी वायफाय असेल तर ते वेगळ्या नेटवर्कवर हवंच.

मग एका मशीनवरून बाकी दोघांना पीअर प्रोब (मशीनं एका गटात जोडायची कमांड), आणि दुसऱ्यावरून पहिल्याला एकदा, म्हणजे पहिल्याचंही नाव नोंदलं जातं. व्हॉल्यूम तयार करताना आर्बिटरचा ब्रिक सगळ्यात शेवटी लिहायचा, तिसरा जो येतो तोच आर्बिटर होतो. क्रम चुकला तर तुमच्या मोठ्या डिस्कचा सर्व्हर आर्बिटर व्हायचा.

माउंट करताना एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीत) नेटडेव्ह लिहा म्हणजे नेटवर्क आल्यावरच माउंट होईल, आणि बॅकअप व्होलफाइल सर्व्हरमध्ये बाकी दोघांची नावं. ज्या सर्व्हरचं नाव माउंटमध्ये देताय तो फक्त सुरुवातीला नकाशा घ्यायला लागतो, नंतर क्लायंट थेट सगळ्या ब्रिकशी बोलतो, पण त्या सुरुवातीच्या क्षणी तोच बंद असेल तर माउंटच होत नाही.

विंडोजसाठी ग्लस्टरचा स्वतःचा क्लायंट नाही. दोन्ही सर्व्हरवर सांबा (लिनक्सचा फोल्डर विंडोजला दाखवणारा प्रोग्राम) ठेवा, आणि सीटीडीबी (सांबाचाच जोडीदार प्रोग्राम) लावून एक फिरता आयपी, जो चालू सर्व्हरवर आपोआप जातो. विंडोजला तोच आयपी द्यायचा. सर्व्हर बदलताना चालू असलेली कॉपी अडखळू शकते, परत सुरू करावी लागेल, पण ड्राइव्ह गायब होणार नाही.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. एकदा व्हॉल्यूम सुरू झाला की ब्रिकच्या फोल्डरला हात लावायचा नाही. तिथे फाइली दिसतात, नेहमीसारख्याच दिसतात, म्हणून कोणीतरी तिथेच कॉपी करतो किंवा डिलीट करतो. ग्लस्टरला ते कळत नाही आणि मग एकेका फाइलचा गोंधळ निस्तरत बसावं लागतं. सगळं काम माउंटमधून.

विदर्भ_लिनक्स
रात्रपाळी भाऊ, एकदम बरोबर लिहिलं. एक विचारतो, यांचा जुना ६ टीबी डेटा सध्या पहिल्या सर्व्हरवर आहे ना, तो सर्व्हर तर फॉरमॅट करावा लागेल. मग डेटा ठेवायचा कुठे?

रात्रपाळी
हो, ते राहिलंच. जुन्या डेटाच्या फोल्डरलाच ब्रिक करायचा मोह होतो, करू नका, त्या फाइलींना ग्लस्टरच्या ओळखखुणा नसतात. ८ टीबीच्या दोन बाहेरच्या डिस्क घ्या, दोन्हीवर पूर्ण प्रत, आणि चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा पडताळणीचा आकडा) काढून पडताळा. दोन प्रती पडताळून झाल्याशिवाय सर्व्हरला हात नाही. मग तिन्ही मशीनवर नवा व्हॉल्यूम करा आणि माउंटमधून परत ओता. त्यातली एक डिस्क तशीच पुण्याला जाईल. लाइनवरून पाठवत बसलात तर ५० एमबीपीएस अपलोड पूर्ण वेगाने मिळाला तरी ६ टीबीला अकरा दिवस लागतात, बसने डिस्क नेली तर एका दिवसाचं काम. पुढे रोजचे नवीन स्कॅन तेवढे लाइनवरून जातील.

कृष्णाकाठ
डिस्क आल्या, प्रती झाल्या, चेकसम जुळले. आता अडलोय. प्रोब करताना म्हणतो की समोरच्या मशीनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) माझ्यासारखाच आहे, आणि जोडतच नाही. दोन्ही सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिम एकाच इमेजवरून टाकली होती, ग्लस्टर त्या इमेजमध्येच होतं.

जुनी_टेप
तेच कारण. डीमन पहिल्यांदा सुरू झाला की तो स्वतःला एक यूयूआयडी देतो आणि वार लिब ग्लस्टरडी या फोल्डरातल्या ग्लस्टरडी डॉट इन्फो फाइलमध्ये लिहून ठेवतो. इमेज काढायच्या आधी तो एकदा सुरू झाला असणार, मग सगळ्या मशीनना तोच नंबर. अजून व्हॉल्यूम नाहीये ना, मग सोपं आहे, दुसऱ्या मशीनवर डीमन थांबवा, ती फाइल काढा, परत सुरू करा, नवीन नंबर मिळेल. आर्बिटरही त्याच इमेजवरचा असेल तर त्यालाही.

आणि ही फाइल लक्षात ठेवा, उद्या एखादा सर्व्हर नव्याने बसवावा लागला तर त्याला जुनाच यूयूआयडी द्यावा लागतो म्हणजे बाकीचे त्याला ओळखतात. तिन्हींचे नंबर आत्ताच कागदावर लिहून ठेवा.

पीएचपीवाला
या धाग्यात जरा थंड पाणी ओततो, राग मानू नका. आम्ही एका वेबसाइटचा सगळा कोड ग्लस्टरवर ठेवला होता, पान उघडायला इतका वेळ लागायचा की शेवटी काढलं. यांच्याकडेही ६ लाख फाइली, त्यातल्या ४ लाख बारीक.

रात्रपाळी
राग कसला, हे खरंच आहे. पीएचपी एका पानासाठी शेकडो फाइली शोधतं, त्यातल्या कितीतरी नसतातच, आणि नसलेल्या फाइलीसाठीही प्रत्येक वेळी सगळ्या ब्रिकना विचारलं जातं. कोड प्रत्येक सर्व्हरवर वेगळा ठेवायचा, ग्लस्टरवर फक्त अपलोड केलेल्या मोठ्या फाइली. यांचं उलट आहे, एकदा लिहिली की टिफ परत बदलत नाही, मोठी फाइल, एकच माणूस लिहितो. ग्लस्टरला हेच काम सगळ्यात मानवतं. लहान फाइलींसाठी मेटाडेटा-कॅश नावाचा तयार ऑप्शनचा गट आहे तो लावा, आणि एका फोल्डरात हजारो फाइली ठेवू नका, अंकागणिक वेगळा फोल्डर करा.

कॅटलॉगचा डेटाबेस मात्र ग्लस्टरवर नको. मारिया असो की पोस्टग्रेस, त्यांची स्वतःची रेप्लिकेशन आहे, तीच वापरा, किंवा रोजचा डंप काढून तो ग्लस्टरवर ठेवा.

विदर्भ_लिनक्स
पण भाऊ ग्लस्टरचं भविष्य काय? रेडहॅटने २०११ मध्ये ग्लस्टर कंपनी १३.६ कोटी डॉलरला घेतली, आणि आता त्यांचं ग्लस्टर स्टोरेज हे उत्पादनच ३१ डिसेंबर २०२४ ला बंद झालं. प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीनच्या प्रणालीनेही ९ व्या आवृत्तीत काढून टाकलं. आज नवीन माणसाला हे लावायला सांगणं योग्य आहे का? त्याऐवजी सेफ (Ceph) ही प्रणाली का नको?

जुनी_टेप
प्रश्न अगदी योग्य आहे आणि कृष्णाकाठ, तुम्ही हे समजूनच पुढे जा. पैसे भरून मिळणारा आधार संपलाय, कोड खुला आहे, पण काम करणारे हात पूर्वीपेक्षा खूप कमी.

सेफ मोठं आहे, चांगलं आहे, पण तीन मॉनिटर (क्लस्टरवर नजर ठेवणारे प्रोग्राम), मेटाडेटा सर्व्हर, ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारे प्रोग्राम), हे सगळं दोन सर्व्हर आणि एका डेस्कटॉपवर आणि वेळ मिळेल तसं बघणाऱ्या एका माणसावर नको वाटतं मला. सेफमध्ये फाइलींचे तुकडे होऊन वेगवेगळ्या डिस्कवर विखुरतात, क्लस्टर बिघडला तर एक डिस्क काढून फाइल वाचता येत नाही. ग्लस्टरच्या साध्या रेप्लिका व्हॉल्यूममध्ये प्रत्येक डेटा ब्रिकवर तुमची अख्खी टिफ फाइल तशीच्या तशी, त्याच नावाने, एक्सएफएसवर पडलेली असते. उद्या ग्लस्टर जगातून गेलं तरी डिस्क काढा, कुठल्याही लिनक्सला लावा, कॉपी करा. जपायचं काम असेल तेव्हा ही गोष्ट मला इतर सगळ्या सोयींपेक्षा मोठी वाटते.

दुसरा चांगला पर्याय डीआरबीडी. लिनक्स कर्नलमध्ये २०१० पासून, २.६.३३ पासून आहे. एका सर्व्हरची अख्खी डिस्कच दुसऱ्यावर जशीच्या तशी लिहिली जाते, एक सर्व्हर चालू आणि एक तयारीत, वरती साधं एनएफएस किंवा सांबा. वेग चांगला. पण तिथेही दोनच मशीन असली तर तोच स्प्लिट-ब्रेन, आणि तिथेही ९ व्या आवृत्तीत तिसरं मशीन नुसतं मतासाठी ठेवता येतं. म्हणजे काहीही निवडा, तो कोपऱ्यातला डेस्कटॉप लागणारच.

कृष्णाकाठ
सगळं वाचलं, विश्वस्तांनाही समजावलं. डिस्क काढून कुठेही वाचता येते या एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं, ग्लस्टरच ठेवतोय. व्हॉल्यूम सुरू झाला, डेटा माउंटमधून ओतून झाला, सगळे चेकसम परत जुळले.

मग चाचणी घेतली. दुसरा सर्व्हर नीट शटडाऊन केला, काम चालू राहिलं, काही जाणवलंच नाही. पण नंतर पहिल्याची नेटवर्क केबल उपटली तर सगळी कॉपी जागच्या जागी थिजली, पाऊण मिनिटाने आपोआप परत सुरू झाली. हे बरोबर आहे का काहीतरी चुकलंय?

रात्रपाळी
बरोबर आहे. शटडाऊन करताना ब्रिक कनेक्शन बंद करून जातो त्यामुळे क्लायंटला लगेच कळतं. केबल उपटली की काहीच कळत नाही, तो वाट बघतो, पिंग टाइमआउट ४२ सेकंद. लोक हे ५ सेकंदावर आणतात, तसं करू नका. सर्व्हर क्षणभर दमला तरी तुटला असं धरलं जातं, मग सगळे लॉक आणि उघड्या फाइली परत जुळवायच्या, तो खर्च मोठा. पाऊण मिनिट थांबणं तुमच्या कामाला परवडतं.

चाचणीत एक विचारतो, दुसरा सर्व्हर परत आल्यावर केबल उपटायच्या आधी हील संपलं होतं का बघितलं होतं?

कृष्णाकाठ
हो, ताईंचं अ आणि ब डोक्यात पक्कं बसलंय. हील इन्फोमध्ये तिन्ही ब्रिकसमोर शून्य येईपर्यंत थांबलो, मगच केबलला हात लावला.

जुनी_टेप
वा, हे वाचून फार बरं वाटलं. अपडेटसाठी रीबूट करतानाही हाच नियम, एका वेळी एकच मशीन, शून्य आल्यावरच पुढचं. आर्बिटर असताना घाई केली तर स्प्लिट-ब्रेन होणार नाही, पण लिहिणं अडेल. डीमन दर दहा मिनिटांनी राहिलेलं काम शोधतो, त्यामुळे लगेच शून्य झालं नाही तर घाबरू नका.

करवीर
पुण्याचं काय ठरलं मग? कारण रेप्लिका कितीही चांगली लावली तरी कोणी चुकून फोल्डर डिलीट केला तर तो दोन्हीकडून त्याच क्षणी जातो.

रात्रपाळी
अगदी. ग्लस्टरची स्वतःची जिओ-रेप्लिकेशन आहे, मागून जाणारी, आतून आरसिंकच वापरते, आणि कुठल्या फाइली बदलल्या याची नोंद तिच्याकडे आधीच असते त्यामुळे ६ लाख फाइली चाळत बसत नाही. पण नेहमीच्या सेटिंगला ती डिलीटसुद्धा पुण्याला पोचवते. म्हणून मी म्हणेन पुण्यात रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअपच्या प्रोग्रामने रोजची प्रत घ्या, जुन्या तारखांसकट. महिन्यापूर्वीची फाइल महिन्यापूर्वी होती तशी मिळाली पाहिजे. प्रत घेताना वाचायचं माउंटमधून, ब्रिकमधून नाही. नेलेल्या डिस्कवरून पहिली प्रत तिथेच तयार करा, म्हणजे लाइनवर भार नाही. आणि दर तिमाहीला एखादा अख्खा अंक पुण्याच्या प्रतीतून काढून चेकसम जुळवा.

कृष्णाकाठ
बोर्ग लावतो. शेवटचा प्रश्न, मी रोज तिथे नसतो, हील अडकलंय किंवा एखादा ब्रिक बंद आहे हे मला कळणार कसं? एकदा ब्रिक गेलेला कोणाला कळलाच नाही आणि आठ दिवसांनी दुसरा गेला, असं नको व्हायला.

विदर्भ_लिनक्स
क्रॉनमध्ये दर पंधरा मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट ठेवा भाऊ. तीन गोष्टी बघायच्या. व्हॉल्यूम स्टेटसमध्ये तिन्ही ब्रिक आणि सेल्फ-हील डीमन ऑनलाइन आहेत का, हील काउंट शून्य आहे का, आणि माउंटमध्ये एक फाइल लिहून परत वाचता येते का. काउंट एकदा वाढलेला दिसला तर ठीक, कोणी लिहीत असेल तेव्हा क्षणभर दिसतोच, पण लागोपाठ चार वेळा शून्यावर आला नाही तर टेलिग्रामवर मेसेज. स्क्रिप्ट आर्बिटरवर चालवा, म्हणजे दोन्ही सर्व्हर गेले तरी मेसेज येईल. आर्बिटरच गेला तर कोण सांगणार, म्हणून तो रोज सकाळी नऊला ‘चालू आहे’ असा एक मेसेज पाठवेल, तो आला नाही की फोन करून कोणाला तरी खोलीत जाऊन बघायला सांगायचं. माझी स्क्रिप्ट साफ करून आज रात्री इथेच टाकतो, व्हॉल्यूमचं नाव तेवढं बदलून घ्या.